प्लास्टिकचा दस्ता: आधी दुखणं कोणतं ते ठरवा

अमेरिकेत हरणांच्या शिकारीसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त रायफलींकडे पाहिलं, की पैसा कुठे घातला आणि कुठे वाचवला हे लगेच कळतं. रुगर अमेरिकन, सॅव्हेज अ‍ॅक्सिस, रेमिंग्टन 700 एसपीएस या आणि अशा रायफलींच्या नळ्या चांगल्या असतात. पन्नास वर्षांपूर्वी खास बनवून घ्यावी लागे तेवढी अचूकता आज कारखान्यातून थेट मिळते. काटकसर झालेली असते ती दस्त्यात. साच्यात ओतलेला पोकळ, हलका प्लास्टिकचा दस्ता; त्याचं पुढचं टोक, म्हणजे फोरएंड, अंगठ्याने दाबलं तरी नळीला जाऊन टेकतं.

म्हणून तिथे घरच्या गॅरेजमध्ये हा दस्ता सुधारण्याचा एक मोठा उद्योग चालतो. त्यात दोन कामं येतात. पहिलं बेडिंग: रायफलीची अ‍ॅक्शन, म्हणजे बोल्ट ज्यात चालतो तो पोलादी सांगाडा, दस्त्यात जिथे बसते तिथे इपॉक्सीची नेमकी बैठक करून देणं. दुसरं ताठपणा: लवणाऱ्या फोरएंडमध्ये सळई, पट्टी किंवा नळ्या घालून ते भरून काढणं. बहुतेक जण ही दोन्ही कामं एकाच बैठकीत उरकतात आणि एकच काम समजतात. या लेखाचा आक्षेप नेमका त्यावर आहे. ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांची लक्षणं वेगळी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

लाकूड गेलं, प्रश्न राहिला

बैठकीचा प्रश्न प्लास्टिकने आणलेला नाही. लाकूड ओलाव्याने फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि धक्का खाऊन खाऊन दबतं. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याने ली-एनफिल्ड रायफलींना मऊ स्थानिक लाकूड वापरलं, तेव्हा धक्का झेलणाऱ्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. आपल्याकडच्या ईशापूर कारखान्याच्या ली-एनफिल्डमध्ये दस्ता उलू नये म्हणून आडवा स्क्रू घातलेला असे. संग्राहक आजही त्याला ‘ईशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखतात. व्हिएतनाममध्ये अमेरिकी मरीन्सनी 1966 मध्ये रेमिंग्टन 700 वर आधारलेली एम40 ही स्नायपर रायफल लाकडी दस्त्यासह नेली. तिथल्या दमट हवेत लाकूड वाकलं आणि नेम सरकू लागला. पुढे तिच्या सुधारित रूपाला, एम40ए1 ला, मॅकमिलन कंपनीचा फायबरग्लास दस्ता आला. अमेरिकी सैन्याने 1988 मध्ये घेतलेल्या एम24 या स्नायपर रायफलीला एच-एस प्रिसिजनचा दस्ता होता आणि त्याच्या पोटात अॅल्युमिनियमचा ठोकळा होता.

दुसरी वाट त्याआधीच सुरू झाली होती. रेमिंग्टनने 1959 मध्ये नायलॉन 66 ही .22 रायफल आणली. तिचा दस्ता ड्यूपाँच्या नायलॉनचा होता आणि ती दहा लाखांहून जास्त खपली. आजचे स्वस्त दस्ते याच वंशातले आहेत. दुकानात दोन्ही ‘सिंथेटिक’ म्हणूनच विकले जातात, पण हाताने थरावर थर देऊन केलेला फायबरग्लासचा किंवा कार्बनचा दस्ता आणि साच्यात ओतलेला दस्ता यांत फार अंतर आहे. पहिल्यात मूळ पदार्थच इपॉक्सी असल्याने नवी इपॉक्सी त्याला घट्ट धरते. दुसऱ्यात ती धरेलच असं नाही.

ओतलेल्या दस्त्याचं लवणं मात्र केवळ पदार्थाच्या माथी मारणं चूक. अक्रोडाच्या लाकडाचा रेषेच्या दिशेतला ताठपणा, म्हणजे स्थितिस्थापकता गुणांक, साधारण 11 ते 12 गिगापास्कल भरतो. 30 टक्के काचतंतू घातलेल्या नायलॉनचा कोरडेपणी 9 ते 10, आणि हवेतला ओलावा प्याल्यावर 6 ते 7. म्हणजे फरक दुपटीच्या आतबाहेरचा. पॉलिप्रॉपिलीन साधं असेल तर मात्र आकडा दीडच्या खाली येतो. खरा घोटाळा आकाराचा आहे. लाकडी फोरएंड भरीव असतं. ओतलेलं फोरएंड म्हणजे पातळ भिंतींची वरून उघडी पन्हळ, आत थोड्या आडव्या-तिरक्या फासळ्या. उघडी पन्हळ वाकण्यापेक्षाही पिळण्याला फार लवकर शरण जाते. बायपॉड, म्हणजे पुढचा दोन पायांचा टेकू, लावून रायफल जराशी कलली की फोरएंड एका बाजूने नळीला घासतं ते यामुळेच.

बैठकीचं काम

.308 विंचेस्टरची 10 ग्रॅमची गोळी आणि साडेतीन किलोची रायफल धरली, तर गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत रायफल जेमतेम दोन मिलिमीटर मागे सरते. पण त्या दोन मिलिमीटरांत अ‍ॅक्शन दस्त्यात कशी बसली आहे, यावर नळी कुठल्या दिशेने हलेल ते ठरतं. धक्का दस्त्याकडे पोचवण्याचं काम रिकॉइल लग करतो. रेमिंग्टन 700 आणि सॅव्हेजमध्ये तो नळी आणि अ‍ॅक्शन यांच्यामध्ये दाबून बसवलेली पोलादी चकती असतो. मॉझर 98 मध्ये तो अ‍ॅक्शनचाच भाग आहे. टिका रायफलींमध्ये उलटंच आहे: लग दस्त्यात बसवलेला आणि खाच अ‍ॅक्शनमध्ये. लगची मागची बाजू दस्त्याला सपाट, पूर्ण टेकायला हवी. ओतलेल्या दस्त्यात ती बहुधा एखाद्या कोपऱ्यावर टेकते.

दुसरा दोष ताणाचा. अ‍ॅक्शनचे दोन स्क्रू आवळल्यावर ती असमान जागेवर खेचली जाते आणि स्वतःच किंचित वाकते. वाकड्या चौकटीत दार ठोकून बसवलं की दारच पिळतं, तसं हे. याची परीक्षा सोपी आणि बिनखर्चाची आहे. डायल गेज नळीला अडकवायचं, त्याची सुई फोरएंडच्या टोकावर टेकवायची आणि एकेक स्क्रू सैल करत काटा पाहायचा. हालचाल 0.05 मिलिमीटरच्या आत असेल तर बैठक ठीक आहे; जास्त असेल तर ताण आहे. हे मोजल्याशिवाय बेडिंगला हात घालण्यात अर्थ नाही.

बेडिंगचे तीन पंथ आहेत. पहिला पिलरचा: दोन्ही स्क्रूंच्या भोवती अॅल्युमिनियमची नळकांडी बसवायची, म्हणजे स्क्रू आवळताना मधलं प्लास्टिक चेपत नाही. दुसरा पातळ थराचा: लगची जागा आणि अ‍ॅक्शनची मागची शेपटी यांखाली इपॉक्सीची बैठक घडवायची. तिसरा कारखान्याचा: दस्त्यातच धातूचा ठोकळा. सॅव्हेजने 2009 मध्ये अ‍ॅक्यूस्टॉक नावाने अॅल्युमिनियमचा सांगाडा आणला; रुगर अमेरिकनच्या दस्त्यात व्ही आकाराचे धातूचे ठोकळे असतात. घरच्या कामासाठी पहिला आणि दुसरा पंथ एकत्र करणं सर्वांत उपयोगी. ज्या दस्त्यात ठोकळा आधीच आहे, तिथे बेडिंगने फारसं हाती लागत नाही.

वापरायचा पदार्थ म्हणजे पोलाद किंवा अॅल्युमिनियमची पूड मिसळलेली, न ओघळणारी, सावकाश घट्ट होणारी इपॉक्सी. अमेरिकेत डेव्हकॉन, मरिन-टेक्स, ब्राउनेल्सचं अ‍ॅक्राग्लास जेल आणि जे-बी वेल्ड ही नावं पुन्हा पुन्हा येतात. पाच मिनिटांत सुकणाऱ्या जाती इथे कुचकामी: अ‍ॅक्शन नीट बसवेपर्यंत त्या घट्ट होतात. गाड्यांचा पत्रा भरायची पॉलिएस्टर लांबीही नको, ती सुकताना जास्त आकसते.

कामाचा क्रम असा. रायफल रिकामी आहे हे पाहून बोल्ट, मॅगझिन आणि ट्रिगर काढायचे. अ‍ॅक्शनमधली प्रत्येक खाच, भोक आणि पिनांच्या जागा मातकामाच्या मातीने बुजवायच्या. राहिलेली एक खाच पुरेशी असते, तिच्यात इपॉक्सी शिरून घट्ट झाली की अ‍ॅक्शन दस्त्यातून सुटत नाही. मग बुटांच्या बिनरंगी पॉलिशचे किंवा मेणाचे दोन-तीन पातळ थर सगळीकडे, स्क्रूंच्या आट्यांतसुद्धा. लगच्या पुढच्या, दोन्ही बाजूंच्या आणि खालच्या अंगाला टेप लावायची, मागचं अंग उघडं ठेवायचं. टेप काढल्यावर तेवढी फट राहते आणि लग फक्त मागे टेकतो. शेवटी अ‍ॅक्शन इपॉक्सीत अलगद दाबून बसवायची आणि ती स्क्रूंनी आवळायची नाही. बिनडोक्याच्या सळ्या दिशा दाखवायला पुरतात, वरून रबरी नळी किंवा टेप गुंडाळली की झालं. इथे स्क्रू आवळले तर जो ताण काढायचा होता तोच इपॉक्सीत कायमचा गोठतो.

जातीजातीचे अपवाद आहेत. सॅव्हेजची मागची शेपटी मोकळी ठेवायची असते, तिथे बैठक करायची नाही. रुगर एम77 चा पुढचा स्क्रू तिरका आहे. तो अ‍ॅक्शनला मागे आणि खाली एकदम ओढतो, म्हणून पहिल्या बेडिंगसाठी ही रायफल घेऊ नये. काम झाल्यावर स्क्रू किती आवळायचे हेही बदलतं. नुसत्या प्लास्टिकवर रेमिंग्टन 700 चे स्क्रू साधारण 4 ते 5 न्यूटन-मीटरला आवळतात; धातूचे पिलर किंवा ठोकळा असेल तर 7.3 पर्यंत. टॉर्क रेंच नसेल तर बाकीच्या मेहनतीचं माप लागणार नाही.

ताठपणाचं गणित

फोरएंड ताठ करण्याच्या सल्ल्यांत लोकप्रिय तीन: अॅल्युमिनियमची सळई, बाणांच्या कार्बन नळ्या आणि अॅल्युमिनियमची पन्हळी पट्टी. तिन्हींचं गणित कागदावर मांडलं तर सल्ल्यांची प्रतवारी आपोआप होते. फोरएंड 250 मिलिमीटर लांब आणि टोकावर 50 न्यूटन, म्हणजे सुमारे पाच किलोचा भार, असं धरू आणि प्लास्टिकचा वाटा सोडून देऊ.

10 मिलिमीटर जाडीची भरीव अॅल्युमिनियम सळई एकटी या भाराखाली साडेसात मिलिमीटरांहून जास्त लवते. 20 बाय 20 मिलिमीटरची, 3 मिलिमीटर जाडीची पन्हळ फक्त 0.6 मिलिमीटर लवते. सळई 53 ग्रॅमची, पन्हळ 109 ग्रॅमची. दुप्पट धातूत तेरापट ताठपणा मिळाला, कारण धातू मध्यरेषेपासून दूर गेला.

बाणाच्या नळ्यांचं तर आणखी बोलकं आहे. साडेसात मिलिमीटर व्यासाची, पातळ भिंतीची कार्बन नळी एकटी त्या 10 मिलिमीटर सळईच्या पाव ताठपणाचीही नसते. दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या, जसं बहुतेक जण करतात, तर दुप्पट मिळतं आणि तरीही सळईच्या निम्मंच. त्याच दोन नळ्या एकीखाली एक, मध्यांत 20 मिलिमीटर अंतर ठेवून, मधे घट्ट इपॉक्सी भरून बसवल्या तर ताठपणा सैद्धांतिक हिशेबाने अठरा पट वाढतो. कार्बन महाग आहे म्हणून तो ताठ करत नाही. योग्य जागी असला तरच करतो. ज्यांना ‘बाण घातले, काही फरक नाही’ असा अनुभव येतो, त्यांचं उत्तर बहुधा इथे आहे.

दुसरी चूक लांबीची. मॅगझिनच्या खिडकीपुढे, लगच्या आसपास दस्ता सर्वांत अशक्त असतो. सळई फोरएंडच्या पोकळीत घातली आणि लगच्या आधी दोन बोटं थांबवली, तर फोरएंड ताठ होतं पण त्या दोन बोटांत बिजागरी तयार होते. पट्टी लगच्या बैठकीत शिरली पाहिजे, बेडिंगच्या इपॉक्सीशी एकजीव झाली पाहिजे. दोन्ही कामं एकत्र करण्याचं हे एकमेव सबळ कारण आहे.

तिसरी बाब पिळाची. फासळ्यांना खाचा पाडून पट्टी बसवल्यावर पोकळ्या इपॉक्सीने भरल्या किंवा वरून काचकापडाचा थर देऊन झाकल्या, की उघडी पन्हळ बंद पेटी होते आणि पिळ झपाट्याने कमी होतो. भरताना वजन वाढू नये म्हणून काचेचे सूक्ष्म पोकळ मणी मिसळतात. एकदम जाड थर ओतायचा नाही: इपॉक्सी घट्ट होताना स्वतः तापते, आणि जाड गोळ्यात ती उष्णता प्लास्टिक वाकवण्याइतकी होते. दोन-तीन टप्प्यांत भरायचं. शेवटी नळीखाली दीड-दोन मिलिमीटरची फट राहिलीच पाहिजे. नोटेएवढी जाड कागदी पट्टी सरकली म्हणजे नळी मोकळी, ही प्रचलित परीक्षा पुरेशी नाही, नोट 0.1 मिलिमीटरची आणि लवणं त्याच्या कैक पट.

चिकटेल का?

घरच्या कामांपैकी जी फसतात त्यांतली बरीचशी इथे फसतात. पॉलिप्रॉपिलीनला इपॉक्सी जवळपास चिकटतच नाही; नायलॉनला बेताचीच. म्हणून गोंदावर भरवसा न ठेवता यांत्रिक पकड करायची: वेगवेगळ्या कोनांत तिरकी भोकं, आत रुंद होत जाणाऱ्या खाचा, खरखरीत पृष्ठभाग. इपॉक्सी त्यांत अडकून बसते. दस्ता कशाचा आहे याचा अंदाज घ्यायला आतल्या बाजूची एक चिपटी पाण्यात टाकून पाहावी. तरंगली तर पॉलिप्रॉपिलीन. बुडाली तर नायलॉन असेल किंवा काच मिसळलेलं पॉलिप्रॉपिलीनही असेल, म्हणून भोकं पाडायचीच.

नायलॉन 66 या जातीचं प्लास्टिक दमट हवेत वजनाच्या अडीच टक्के आणि पाण्यात बुडवून ठेवलं तर आठ टक्क्यांहून जास्त पाणी पितं. भरण्याआधी दस्ता काही दिवस कोरड्या, उबदार जागी ठेवावा. उष्णतेची दुसरी बाजूही आहे: खोलीच्या तापमानाला घट्ट झालेली साधी इपॉक्सी 50 ते 60 अंश सेल्सियसला मऊ पडू लागते. उन्हात बंद गाडीत ठेवलेली रायफल तिथवर सहज पोचते. त्यामुळे काम झाल्यावर, उत्पादकाने सांगितलं असेल तर, मंद उष्णतेवर पुन्हा पक्कं करून घेणं फायद्याचं.

फरक पडला हे कसं कळावं

‘आधी ग्रुप दीड इंचाचा होता, आता पाऊण इंचाचा’ हे वाक्य या विषयात सतत ऐकू येतं आणि त्याची किंमत फार थोडी असते. ग्रुप म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पसारा. कारण एकाच रायफलीचे पाच गोळ्यांचे ग्रुप आपसात सुमारे 27 टक्के प्रमाणविचलनाने बदलतात. तीन गोळ्यांचे 37 टक्क्यांनी. सरासरी ग्रुप 100 मीटरवर 30 मिलिमीटरचा, म्हणजे एका मिनिटाच्या कोनाच्या आसपासचा, असेल तर काही न करताच 22 आणि 38 मिलिमीटरचे ग्रुप मिळत राहणार. शिवाय त्याच रायफलीचे तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी साडेतेवीस मिलिमीटरच भरतात. आधी पाच झाडून आणि नंतर तीन झाडून तुलना केली, तर इपॉक्सीचा डबा न उघडताही सुधारणा दिसते.

म्हणून दोन्ही कामांची परीक्षा वेगळी घ्यावी. बैठकीसाठी: दहा गोळ्या झाडायच्या, अ‍ॅक्शन दस्त्यातून काढून पुन्हा त्याच टॉर्कने बसवायची, पुन्हा दहा झाडायच्या. ग्रुप किती लहान झाला यापेक्षा त्याचं केंद्र जागेवर राहिलं का, हे पाहायचं. ताठपणासाठी: दहा गोळ्या वाळूच्या पिशवीवरून, दहा बायपॉडवर अंगाने भार देऊन. वरच्याच रायफलीत दोन केंद्रांमधला एका दिशेचा साधा गोंधळ साडेचार मिलिमीटरांच्या आसपास असतो; दहाहून जास्त अंतर दिसलं तर ते खरं मानावं. पट्टी घातल्यावर हे अंतर मिटलं पाहिजे. ते आधीच नसेल, तर फोरएंड कितीही लवो, त्या नेमबाजाला त्याचा त्रास नाही.

निवाडा

झाडावर बांधलेल्या मचाणातून 100 मीटरच्या आत हरीण टिपणाऱ्याला ताठ फोरएंडची गरज क्वचितच पडते. त्याने स्क्रू योग्य टॉर्कला आवळावेत, फोरएंड आतून घासून नळी मोकळी करावी आणि डायल गेज ताण दाखवत असेल तर लगची बैठक करावी. बायपॉडवरून किंवा रायफलीचा पट्टा ताणून लांब पल्ल्यावर झाडणाऱ्याने दोन्ही कामं करावीत, पट्टी लगपर्यंत न्यावी. आणि जो वजनदार, महागडी नळी बसवायच्या बेतात आहे, त्याने ओतलेल्या दस्त्यावर शनिवार-रविवार घालवू नयेत. ठोकळा असलेला कंपोझिट दस्ता किंवा अॅल्युमिनियमची चेसिस घ्यावी. स्पर्धेच्या जगाने हा मार्ग कधीच धरला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसाळे यांनी ज्या 50 मीटर रायफल प्रकारात जागतिक सुवर्ण आणि ऑलिम्पिक कांस्य आणलं, त्या प्रकारात आज सर्वत्र धातूचे, इंचाइंचाने जुळवता येणारे दस्ते दिसतात.

भारतातल्या परवानाधारकाने एक गोष्ट आधी पाहावी. शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 5 नुसार अग्निशस्त्राची दुरुस्ती आणि फेरबदल यांसाठीही परवाना लागतो. अमेरिकेत जे गॅरेजमधलं काम आहे, ते इथे परवानाधारक कारागिराकडेच न्यावं. त्याच्याकडे जाताना डायल गेजचं माप आणि दोन केंद्रांमधलं अंतर लिहून न्यावं, म्हणजे बैठक करायची, फोरएंड ताठ करायचं, की दोन्ही, हे त्याला विचारत बसावं लागणार नाही.